न चढणारी दारू



 डॉक्टरांच्या सभेतल्या अध्यक्षीय भाषणात वैद्यकीय व्यवसायापुढच्या अडचणींचा आढावा घ्यायची आपली प्रथा आहे. विम्याची अडकलेली बिलं, डॉक्टरांवरचे हल्ले, नोंदणीचे नवे नियम हे प्रश्न खरेच आहेत आणि दुपारच्या सत्रात त्यांवर बोलणारे जाणकार बसलेले आहेत. मी मात्र माझा सगळा वेळ एकाच विषयाला देणार आहे. अतिमद्यपानानं माणसाच्या शरीरात काय घडतं, आणि ते घडत असताना आपण, म्हणजे रोज त्या माणसाची नाडी पाहणारी मंडळी, काय करत असतो.

इथे, पुण्याजवळ नगर रस्त्यावरच्या वाघोलीत, हा विषय काढायला निमित्त शोधावं लागत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये, २२ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर, केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून डंपर गेला. कामासाठी अमरावतीकडून आलेली ही कुटुंबं. तिघे गेले, त्यांत दोन तान्ही लेकरं होती. चालक दारू प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. अशा बातमीनंतर आपण वेगाबद्दल बोलतो, रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल बोलतो, बंदोबस्ताबद्दल बोलतो. बोलायलाच हवं. पण डॉक्टरांच्या सभेत आणखी एक हिशेब मांडायला हवा.

आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये ६० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. ६० किलो वजनाच्या पुरुषानं ही क्वार्टर रिकाम्या पोटी संपवली, तर त्याच्या दर १०० मिलिलिटर रक्तात दीडशे मिलिग्रॅमच्या घरात अल्कोहोल पोचतं. मोटार वाहन कायद्यानं वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. शरीर हे अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीनं कमी करतं. लिंबू पिळा, काळी कॉफी प्या, डोक्यावर गार पाणी ओता, ही गती वाढत नाही. आता मोजा. रात्री अकराला क्वार्टर संपवून झोपलेला माणूस सकाळी सहाला उठून डंपरवर, शाळेच्या बसवर किंवा कंपनीच्या कॅबवर बसतो, तेव्हा तो अजून कायद्याच्या मर्यादेच्या वर असतो. झोप झालेली असते, दात घासलेले असतात, चहा झालेला असतो. तो शपथेवर सांगेल की मी शुद्धीत आहे, आणि त्याचा स्वतःचा त्यावर विश्वासही असेल.

हा हिशेब मी सुरुवातीलाच मांडला, कारण दारूबद्दलचा आपला सगळा अंदाज डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर बेतलेला आहे. झोकांड्या देणारा, बरळणारा, गटाराकडेला पडलेला, तो दारुडा. जो नीट चालतो, वेळेवर कामावर जातो, घरी आरडाओरडा करत नाही, तो ‘घेतो अधूनमधून’. दगडखाणीवरचा मजूर देशी घेतो, खराडीच्या आयटी पार्कमधून इथल्या सोसायटीत परतणारा इंजिनिअर महागडी व्हिस्की घेतो, आणि बिअरला तर कित्येक जण दारू मानायलाच तयार नसतात. ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे तीस-तीस मिलिलिटरचे चार पेग. ‘फक्त दोन बिअर घेतल्या’ असं सांगणाऱ्यानं आठ पेग घेतलेले असतात. यकृतापाशी मजूर आणि इंजिनिअर या दोघांचाही हिशेब ग्रॅममध्येच होतो.

आणि यापुढचा गैरसमज त्याहून घातक आहे. ‘आमच्या दाजींना कितीही पाजा, त्यांना चढतच नाही’ हे आपल्याकडे कौतुकानं सांगतात. दाजीही ते ऐकून सुखावतात. चढत नाही याचा अर्थ इतकाच की, रोजच्या माऱ्याला मेंदूतल्या पेशी सरावल्या आहेत आणि यकृतानं अल्कोहोल जाळण्याचा आणखी एक मार्ग जोरात चालू केला आहे. पण अल्कोहोल जळताना आधी तयार होतं ते ॲसिटाल्डिहाइड, आणि ते अल्कोहोलपेक्षाही विषारी असतं. पेशींतली प्रथिनं आणि जनुकं दोन्हींना ते चिकटतं, त्यांची मोडतोड करतं. मेंदू सरावतो, यकृत, स्वादुपिंड, हृदय सरावत नाहीत. त्यांना पूर्ण मात्रा मिळत राहते. उलट ज्याला लवकर चढते तो दोन पेगांवर थांबतो, आणि ज्याला चढत नाही तो बाटली संपवतो. म्हणून रुग्ण छाती फुगवून ‘डॉक्टर, मला काही होत नाही’ म्हणतो, तेव्हा ते आजाराचं लक्षण म्हणून केसपेपरवर लिहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

यकृताबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. सतत भरपूर पिणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांच्या यकृतात चरबी साठते. यात दुखत नाही, ताप येत नाही, भूकही बऱ्यापैकी लागते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फॅटी लिव्हर’ असे दोन शब्द येतात आणि रुग्ण म्हणतो, हे तर सगळ्यांनाच असतं. पण नेमकी हीच वेळ सोन्याची असते. या टप्प्यावर दारू पूर्ण थांबवली तर काही आठवड्यांत ही चरबी उतरते. पिणं चालू राहिलं तर काहींच्या यकृताला सूज येते, पेशी मरतात, त्यांच्या जागी कठीण धागे तयार होतात, आणि वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांतल्या दहा ते वीस टक्क्यांना सिरॉसिस होतो. हे दहा-वीस टक्के कोण असतील, ते आधी ओळखायची खात्रीची सोय नाही. ‘आमचे आजोबा रोज घ्यायचे, नव्वदीपर्यंत जगले’ हे वाक्य आजोबांबद्दल खरं असेल. नातवाच्या यकृताबद्दल ते काहीच सांगत नाही.

सिरॉसिस झाल्यावर आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या रक्ताची वाट अडते. दाब वाढतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला शिरा फुगतात आणि एखाद्या रात्री त्यांतली एक फुटते. तोवर ठणठणीत वाटणारा माणूस बादलीत रक्त ओकतो आणि घरचे म्हणतात, काल तर शेतावर गेला होता. पोटात पाणी साठतं. पाय सुजतात. डोळे पिवळे होतात, आणि इथे आपल्या भागात आणखी एक अपघात होतो. कावीळ म्हटलं की रुग्णाला आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात. झाडपाला होतो, ऊस होतो, तेल-तिखट बंद होतं. दारूबद्दल कुणी विचारत नाही; विचारलं तरी ‘आता महिनाभर घेऊ नका’ इतकंच सांगितलं जातं. विषाणूमुळे आलेली काही कावीळ आपसूक ओसरते, म्हणून हीही ओसरेल असं समजतात, आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर महिना-दीड महिना गेलेला असतो.

तरुण सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की, ओपीडीत कितीही गर्दी असली तरी अशा रुग्णाला शर्ट काढायला सांगा. गळ्याखाली, छातीवर, खांद्यावर लाल ठिपके दिसतील, मधोमध बिंदू आणि भोवती बारीक फाटे. बोटानं मधोमध दाबा, ठिपका पांढरा पडतो; बोट उचललं की मध्यापासून बाहेर पुन्हा भरत जातो. तळवे पाहा, अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा उंचवटा लालबुंद असतो. पुरुषाच्या छातीला स्त्रीसारखा उभार आलेला असतो, कारण संप्रेरकांचा तोल राखण्याचं कामही यकृत करत असतं आणि तेही आता त्याला झेपत नाही. मग रुग्णाला दोन्ही हात लांब करून मनगटं मागे वाकवायला सांगा. काही सेकंदांतच पंजे आपोआप खाली पडतात, पुन्हा वर येतात, पुन्हा पडतात. यकृतानं गाळायला हवा होता तो अमोनिया मेंदूपर्यंत पोचला आहे. या तपासणीला पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात.

बाकीच्या अवयवांबद्दल भरभर सांगतो. स्वादुपिंडाचा दाह ज्यानं एकदा भोगला त्याला पोटातून पाठीत आरपार जाणारी ती कळ जन्मभर आठवते. हृदयाचे स्नायू सैल पडतात, ठोके अनियमित होतात, रक्तदाबाच्या गोळ्या वाढवत नेल्या तरी दाब उतरत नाही. तळपायांची आग होते आणि आपण मधुमेह शोधत बसतो. चाळिशीतला पुरुष खुब्याच्या दुखण्यानं लंगडत येतो, तपासात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच आटलेला निघतो. कर्करोगाबद्दल तर शंकेला जागाच उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ सालीच मद्याला पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू बसते त्याच गटात, घातलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणी ते कर्करोगाला कारण ठरतं. आपल्याकडे पिणाऱ्याच्या गालात बहुधा तंबाखूही असते. मग तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या बेरजेवर थांबत नाही, गुणाकारानं वाढतो. २०२३ च्या जानेवारीत याच संघटनेनं सांगून टाकलं की, आरोग्याला निर्धोक अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यानं तेवढ्याच दारूनं त्यांच्या रक्तातली पातळी जास्त चढते आणि यकृत लवकर बिघडतं. गर्भातल्या बाळावर होणारे कायमचे परिणाम तर १९७३ पासून वैद्यकशास्त्रानं नावानिशी नोंदवलेले आहेत.

आता ज्याबद्दल मला सर्वांत तळमळीनं बोलायचं आहे, तो भाग. दारू अचानक बंद होते तेव्हा काय होतं?

नगर रस्त्यावर दुचाकी घसरते, मांडीचं हाड मोडतं, रुग्ण दाखल होतो. पहिल्या दिवशी शांत असतो. दुसऱ्या दिवशी हातांना कंप सुटतो, घाम फुटतो, झोप लागत नाही. सगळे म्हणतात, दुखतंय म्हणून. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून किडे झटकायला लागतो. कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे म्हणून ओरडतो, सलाइन उपटतो, मोडलेल्या पायावर उभा राहू पाहतो. नातेवाईक घाबरून म्हणतात, बाहेरची बाधा झाली. वॉर्डबॉय त्याला कॉटला बांधतो. हे डिलिरियम ट्रेमेन्स आहे. १८१३ साली थॉमस सटन या इंग्लिश डॉक्टरनं त्याला हे नाव दिलं. आज त्यावर खात्रीचे उपचार आहेत, आणि उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. दाखल करताना एकच प्रश्न विचारला असता, ‘शेवटची कधी घेतली, आणि रोज किती घेता?’, तर पहिल्याच दिवशी योग्य औषधं आणि थायामिन सुरू झालं असतं. थायामिन ग्लुकोजच्या आधी द्यायचं, हे इथल्या प्रत्येक सिस्टरला पाठ असायला हवं. पिणाऱ्याच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो, आणि नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही त्यात खर्ची पडतं. मग डोळे वेडेवाकडे फिरतात, तोल जातो, आणि पुढे स्मरणशक्ती अशी जाते की सकाळी भेटलेला मुलगा संध्याकाळी आठवत नाही. वर्निक आणि कोर्साकॉफ यांनी हे एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं.

घरोघरी मात्र समज असा की, खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत सुटेल. रोज भरपूर पिणाऱ्याला असं कोंडणं जिवावर बेतू शकतं, हे आशाताईंनो, तुम्ही वस्तीवस्तीत सांगा. टाळेबंदीच्या काळात, २०२१ च्या एप्रिलमध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून काही जण सॅनिटायझर प्यायले आणि त्यातले सात दगावले. लोकांनी त्यांना मूर्ख ठरवलं. माझ्या दृष्टीनं ते आजारी होते. अंग कापत असताना, छाती धडधडत असताना माणूस हाताला लागेल ते पितो. मुंबईत मालवणीला २०१५ साली मिथेनॉलमिश्रित दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. ती कष्टकरी वस्तीतली, मिळेल ती स्वस्त दारू घेणारी माणसं होती.

समाज त्यांना व्यसनी म्हणून दूर ठेवतो हे समजू शकतं. पण आपण? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं की, मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळतात. उरलेले ३७ कुठे असतात? ते आपल्याच दवाखान्यांत असतात. ॲसिडिटीची गोळी मागतात, झोपेची गोळी मागतात, अशक्तपणासाठी सलाइन लावून घेतात. आपण गोळी देतो, सलाइन लावतो आणि पैसे घेतो. विचारत नाही. विचारलं तरी ‘दारू वगैरे घेत नाही ना?’ असं विचारतो, ज्याचं उत्तर ‘नाही’ हेच येणार. त्याऐवजी ‘आठवड्यातून किती दिवस घेता? एका बैठकीला किती? क्वार्टर की नाइन्टी?’ असं सरळ, आवाज न चढवता विचारलं की बहुतेक जण खरं सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ प्रश्नावली आहे. तिचे पहिले तीन प्रश्नसुद्धा पुरतात.

आणि पिणाऱ्याची बायको. ती वेगळ्या दिवशी, एकटी येते. डोकं दुखतं, झोप नाही, अंग मोडून आल्यासारखं वाटतं. दंडावरची खूण पदरानं झाकलेली असते. राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’ हे नाटक लिहून शंभर वर्षं उलटली, पण त्यातली, दारुड्या नवऱ्यापायी सोसणारी सिंधू अजून आपल्या ओपीडीच्या रांगेत बसलेली आहे. तिला रक्तवाढीचं टॉनिक देऊन परत पाठवणं हा अपुरा उपचार आहे.

तिच्यासाठी आणि त्याच्यासाठी जागा आहे, तीही इथून फार लांब नाही. याच नगर रस्त्यानं शहराकडे निघालं की येरवडा लागतं. तिथल्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. सुरुवात गर्दच्या व्यसनापासून झाली, पण पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येनं तिथे येऊ लागले. तिथे रुग्णाला शिव्या नसतात, मारझोड नसते, आणि बायकांसाठी ‘सहचरी’चा वेगळा गट चालतो. व्यसन हा आजार आहे, तो पुन्हा उलटू शकतो, उलटला तर पुन्हा उपचार घ्यायचे, ही साधी वैद्यकीय भूमिका या केंद्रानं मराठी घरांत पोचवली. आपल्यातल्या प्रत्येकानं तिथे एकदा जाऊन बसावं, ऐकावं.

याच्या अगदी उलट असतो तो ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिरातींचा धंदा. डायसल्फिराम हे औषध चांगलं आहे, रुग्णाच्या संमतीनं आणि देखरेखीखाली. ते ॲसिटाल्डिहाइड शरीरातच तुंबवतं, म्हणून त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, रक्तदाब कोसळतो, छातीत धडधडतं. ते भाजीत कालवून नकळत देणं म्हणजे आपल्याच माणसाचा जीव धोक्यात घालणं आहे. घरच्यांची अगतिकता मला कळते. पण कुणी डॉक्टर अशी गोळी चोरून लिहून देत असेल, तर त्यानं ते आजपासून थांबवावं.

कायद्याबद्दल एकच गोष्ट. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत तो आरोग्य राखण्याच्या कारणासाठी दिला जातो. आरोग्याच्या नावानं दारूचा परवाना निघावा, याला वैद्यकीय व्यवसायानं कधीच एकमुखानं हरकत घ्यायला हवी होती. पुण्यात १८८० साली जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य या नात्यानं दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला होता. ते डॉक्टर नव्हते. आपण आहोत.

म्हणून आज संध्याकाळच्या खुल्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे आणि तो एकमतानं संमत करावा अशी माझी विनंती आहे. वाघोलीपासून लोणीकंदपर्यंतच्या पट्ट्यातल्या प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या केसपेपरवर, वजन आणि रक्तदाबाच्या शेजारी तिसरा रकाना असावा: आठवड्याला किती ग्रॅम मद्य. हाड मोडून आलेल्या, ऑपरेशनसाठी दाखल होणाऱ्या रुग्णाला शेवटची दारू कधी घेतली हे विचारल्याशिवाय वॉर्डात पाठवू नये. आणि प्रतीक्षाकक्षाच्या भिंतीवर फलक लावून त्यावर, लांबून वाचता येईल इतक्या ठळक मराठी अक्षरांत, व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत क्रमांक लिहावा: १४४४६. फलकाचा रंग आणि खर्च ज्याचा त्यानं ठरवावा. पण येत्या सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी तो भिंतीवर लागलेला असावा.